बोटाच्या पेराएवढे शिपाई

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या 'माझा छंद' या कार्यक्रमातील भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून, बोललो तसेच लिहून दिले आहे.)



'माझा छंद' या विषयावर बोला असं सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांना वाटलं असणार की हे बँकवाले, नाणी नाहीतर पोस्टाची तिकिटं जमवत असतील. मघाशी हा खोका घेऊन आत आलो तेव्हा एकीने विचारलंसुद्धा, "काका, दिवाळीला अजून अवकाश आहे, किल्ल्याचं सामान आत्ताच काढलंत?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. खोक्यात शिपाईच आहेत. पण किल्ल्यावरच्या मावळ्यापेक्षा खूप लहान, बोटाच्या पेराहून जरासे मोठे. एकेक करून तुमच्याकडे पाठवतो, हातोहात फिरवा. पडला तरी घाबरू नका, तुटला तर चिकटवता येतो.

छंदाकडे वळण्याआधी एक जुना खुलासा करायचा आहे. मी या सोसायटीत पहिल्या दिवसापासून, म्हणजे 25 वर्षं राहतो. गेली आठ-दहा वर्षं वार्षिक सभेत चहाचा ट्रे आला की मी "नको, आत्ताच झाला" म्हणतो, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. "बँकेतले साहेब ते, आपला चहा त्यांना कसा चालेल," असं कुणीतरी म्हटल्याचं कानावर आलं होतं. मी काही बोललो नाही. आज सांगतो. माझे हात कापतात. कप उचलला की बशीवर वाजायला लागतो आणि सगळे वळून बघतात, म्हणून चहा नको.

2017 साली पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीच्या वर्गणीचा चेक मी सोसायटीला दिला. तो परत आला. कारण: सही जुळत नाही. तेव्हाच्या खजिनदारांनी तो घडी घालून, जिन्यात कुणी नाही असं बघून माझ्या हातात दिला. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत याच कारणाने मी स्वतः किती चेक परत पाठवले असतील! एक वयस्कर पेन्शनर आठवले. काउंटरवर येऊन म्हणाले होते, "साहेब, सही माझीच आहे, हात माझा राहिला नाही." मी त्यांना नियम समजावून सांगितला. नियम बरोबरच होता. पण त्यांना बाकावर बसवून, पाणी देऊन, नवीन नमुना सही घेता आली असती. तेही नियमातच होतं. मला सुचलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हा पार्किन्सन नाही, याला 'इसेन्शिअल ट्रेमर' म्हणतात. हात स्वस्थ असताना फारसा दिसत नाही, काही करायला गेलं की वाढतो. बऱ्याचदा घराण्यात असतो. माझ्या वडिलांचे हात कापायचे, आम्ही त्याला म्हातारपण समजत होतो. औषधाने थोडा उतार पडला. बाकी मी माझ्यापुरता उपाय शोधला: लोकांसमोर हात बाहेर काढायचे नाहीत.

आता शिपायांकडे येतो.

2019 च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडला, डर्बी गावी होतो. नातू तेव्हा तेरा वर्षांचा. त्याच्या खोलीत टेबलावर हे सैन्य मांडलेलं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "अजून खेळण्यांशी खेळतोस?" तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या वयाचे लोकही खेळतात, चला दाखवतो." डर्बीहून नॉटिंगहॅम रेल्वेने अर्ध्या तासावर. तिथे 'वॉरहॅमर' या खेळाच्या कंपनीचं, गेम्स वर्कशॉपचं मुख्य ठाणं आहे. दारात चिलखत घातलेल्या योद्ध्याचा प्रचंड पुतळा. आत मोठमोठी टेबलं, त्यांवर पडकी शहरं, डोंगर, आणि भोवती कमरेवर हात ठेवून विचार करणारी माणसं. केस पिकलेले बरेच होते.

हे वेड जुनं आहे. 1812 च्या सुमारास प्रशियात राइसवित्झ नावाच्या माणसाने लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी टेबलावरचं युद्ध तयार केलं. त्याच्या मुलाने 1824 मध्ये त्याला पक्के नियम दिले. घरातल्या माणसांपर्यंत ते आणण्यात एच. जी. वेल्स या लेखकाचा मोठा वाटा. परग्रहवासीयांच्या कादंबरीचे लेखक ते हेच. 1913 साली त्यांनी 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं. दिवाणखान्यात जमिनीवर शिपाई मांडायचे, स्प्रिंगच्या तोफेने पाडायचे. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटूचं युद्ध केव्हाही शहाणपणाचं, असं त्यांचं सांगणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. गेम्स वर्कशॉप 1975 ची, 'वॉरहॅमर' 1983 चा. तिथून बाहेर पडलेल्या कारागिरांनी आसपास स्वतःच्या लहान-लहान कंपन्या काढल्या. पूर्वी हे शिपाई शिसं मिसळलेल्या धातूचे ओतत, म्हणून त्या भागाला गमतीने 'शिशाचा पट्टा' म्हणतात.

या खेळात दोन तऱ्हा आहेत. एकीत शेकड्यांनी शिपाई लागतात. ती माझ्यासारख्या पेन्शनराने लांबूनच बघावी. दुसरी 'स्कर्मिश', म्हणजे चकमक. प्रत्येक बाजूला पाच-दहा शिपाई, तीनेक फुटांचं टेबल, फासे आणि मोजपट्टी. प्रत्येक शिपायाची चाल स्वतंत्र. कोण किती इंच चालेल, कुणाला काय दिसेल, फासा काय पडेल, यावर डाव. आम्ही 'फ्रॉस्टग्रेव्ह' खेळतो. जोसेफ मॅक्कलो यांचं हे नियमांचं पुस्तक 2015 साली आलं. बर्फात गाडलेलं एक शहर, दोन जादूगार, त्यांची पदरची चार माणसं आणि खजिन्याची शोधाशोध. फासा वीस बाजूंचा. यातली चांगली गोष्ट अशी, की कुठल्याही कंपनीचे शिपाई चालतात. नवशिक्याने अशाच खेळापासून सुरुवात करावी. एक डबा घेतला की तुमचीच काय, समोरच्याचीही टोळी त्यातून होते.

त्या संध्याकाळी नातवाने एक कोरा शिपाई, एक ब्रश आणि रंग माझ्यापुढे ठेवले. मी हात टेबलाखाली घेतले. म्हटलं, मला नाही जमणार. "का?" हा प्रश्न मोठी माणसं विचारत नाहीत, मुलं विचारतात. मी हात वर काढून दाखवला. त्याने नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, हात तर सगळ्यांचाच हलतो. असा हवेत धरून कुणीच रंगवत नाही."

मग त्याने दाखवलं. शिपाई नुसत्या बोटांत धरायचा नाही, औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर दुहेरी टेपने चिकटवायचा आणि बाटली मुठीत धरायची. दोन्ही कोपरं टेबलावर. मग दोन्ही मनगटं, तळहाताच्या मुळाशी, एकमेकांना टेकवायची. ब्रशच्या हाताची करंगळी दुसऱ्या हातावर. श्वास सोडायचा, आणि श्वास सोडता सोडता ब्रश ओढायचा.

यात जादू नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. हात कापायचा थांबत नाही. पण मनगटं टेकली की दोन्ही हात बरोबरच हलतात. ब्रशही हलतो, शिपाईही हलतो, दोघांमधलं अंतर मात्र फारसं बदलत नाही. सगळ्या कामात अंतर तेवढं महत्त्वाचं. दोन वर्षं मी एकेक हात वेगळा लपवत होतो. एकमेकांना टेकवायचं सुचलं नव्हतं.

पहिला शिपाई बिघडला, हे सांगितलं पाहिजे. पण हातामुळे नाही, उतावीळपणामुळे. बाटलीतला रंग तसाच फासला, नाक-डोळे भरून गेले. अंडं सोलल्यासारखा चेहरा झाला. तो शिपाई मी जपून ठेवला आहे. आत्ता तिसऱ्या रांगेत फिरतोय, तोच.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी आता क्रमाने सांगतो. सहा वर्षांच्या चुकांचा हा ताळेबंद समजा.

शिपाई मुख्यतः तीन प्रकारचे: प्लॅस्टिक, धातू आणि रेझिन. नवशिक्याने प्लॅस्टिक घ्यावं. हलकं, कापायला सोपं. साधारण माप 28 मिलिमीटर. बहुतेक ठिकाणी हे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरतात, त्यामुळे पूर्ण उंची त्याहून थोडी जास्त भरते. धडं, हात, डोकी वेगवेगळी, एका चौकटीला चिकटलेली येतात. ती हाताने मुरगळून तोडू नका. वायरमनकडे असतो तसा बारीक कटर घ्या, जरा लांबून कापा, उरलेला कोंब पात्याने नंतर काढा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे अंगावरून एक बारीक रेघ गेलेली असते. ती पात्याच्या बोथट बाजूने खरवडून टाकायची. आता कंटाळा केलात तर रंगवल्यावर ती रेघ जखमेच्या व्रणासारखी उठून दिसते.

चिकटवण्याबाबत माझी फसगत झाली. मी सवयीने फेविक्विक घेतलं आणि अंगठा शिपायासकट जोडून घेतला. साबणाच्या कोमट पाण्याने अर्ध्या तासाने सुटलो. फेविक्विक धातूला आणि रेझिनला ठीक. प्लॅस्टिकसाठी वेगळा सिमेंट मिळतो, टामिया या जपानी कंपनीचा वगैरे. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो. रेझिन घासायचं असेल तर ओलं करून घासा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ छातीला वाईट.

मग प्रायमर. भिंतीला लावतो तसाच, म्हणजे वरचा रंग धरून राहावा म्हणून. परदेशी लोक स्प्रे मारतात. आपल्याकडे पावसाळ्यात स्प्रे मारू नका, दमट हवेत शिपायाच्या अंगावर घामोळं आल्यासारखं खरखरीत होतं. माझे सहा असे वाया गेले. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमर वापरा. आणि स्प्रे मारायचाच तर गच्चीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात. गच्चीच्या भिंतीवर पांढरा डाग आहे, तो माझा. समितीने दंड लावला नाही, धन्यवाद.

रंग ॲक्रिलिक, पाण्यात मिसळणारे. या कामासाठीचे खास रंग मिळतात, ते महाग आहेत पण त्यांची पूड फार बारीक असते. सरावाला आपल्या स्टेशनरीच्या दुकानातले ॲक्रिलिक चालतात. रंग पाण्याने सारखा करा, दुधाइतका पातळ. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. पहिला हात बघून निराशा होईल, कारण खालचं दिसत राहतं. तो वाळू द्या, दुसरा द्या. धीर धरायचा तो एवढ्यापुरताच.

उन्हाळ्यात रंग ताटलीत लगेच वाळतो. त्याला युक्ती: जेवणाच्या उथळ डब्यात ओला स्पंज, त्यावर केकसाठी वापरतात तो बटर पेपर, आणि त्यावर रंग. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही ओला मिळतो. मात्र डबा विचारून घ्या. मी विचारला नव्हता.

ब्रश अगदी बारीक घेऊ नका. मला वाटायचं, लहान शिपाई म्हणजे तीन शून्यांचा ब्रश. तो शिपायापर्यंत पोचेपर्यंत सुकतो. एक किंवा दोन नंबरचा, पण टोक चांगलं असलेला घ्या. रंग निम्म्या केसांच्या वर चढू देऊ नका. पत्र्याच्या टोपणात रंग गेला की ब्रश फुलतो आणि संपला. आणि टोक करायला ब्रश ओठात धरू नका, मुलांनो.

सगळे मूळ रंग झाले की 'वॉश'. हा अगदी पातळ गडद रंग असतो. अंगभर लावला की आपोआप घड्यांत, बोटांच्या फटींत, दाढीत जाऊन बसतो आणि सावली तयार होते. त्यानंतर 'ड्राय ब्रश': जुन्या ब्रशला फिका रंग लावायचा, तो कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. केस, लोकर, साखळ्यांचं चिलखत एकदम उठून येतं. या दोन कामांना स्थिर हात लागतच नाही. कापरा हात असलेल्यांनी हे लक्षात ठेवा. निम्म्याहून अधिक देखणेपणा इथेच येतो.

डोळे शेवटी. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी सगळ्यांना देत नाहीत, त्या हाताची किंमत वेगळी असते. आपण आपली पायरी ओळखावी. वॉशने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, टेबलाच्या अंतरावरून ती पुरते. मी पहिल्या चाळीस शिपायांना डोळे दिले नाहीत. एकानेही तक्रार केली नाही.

शेवटी पायाखालच्या गोल तबकडीवर फेविकॉल लावून बारीक चाळलेली वाळू टाकायची, ती रंगवायची, आणि सगळ्यावर चकाकी नसलेला व्हार्निशचा हात. मग खुशाल हाताळा.

एक इशारा, बँकवाल्याचा. या छंदात रंगवण्यापेक्षा विकत घेणं सोपं. डबे साठत जातात. बँकेत 90 दिवसांहून जास्त हप्ता थकला की ते कर्ज अनुत्पादक, एनपीए. मी घरात तोच नियम लावला: 90 दिवसांत ज्या डब्यातला एकही शिपाई रंगला नाही तो डबा एनपीए, आणि एनपीए शिल्लक असताना नवीन खरेदी बंद. वसुली अधिकारी आमच्या सौभाग्यवती. त्या कर्ज माफ करत नाहीत.

आणि विकत न घेताही सुरुवात होते. ओळखीच्या कुंभाराकडून न रंगवलेला मातीचा मावळा आणा. मनगटं टेकवून बसा, दोन पातळ हात द्या, वॉश द्या. जमतंय असं वाटलं तर पुढे जा.

2020 मध्ये सगळं बंद झालं, तेव्हा मी इथे आणि नातू डर्बीत, व्हिडिओ कॉल लावून एकाच जातीचा शिपाई दोघे रंगवायचो. फार बोलणं व्हायचं नाही. "आजोबा, वॉश वाळला का?" "नाही रे." एवढंच. पण पूर्वी फोनवर आमचं "कसा आहेस", "बरा आहे" यापुढे जात नव्हतं, आणि आता दोन-दोन तास कॉल चालू राहायचा. आता तो एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजात आहे, वेळ कमी मिळतो. तरी महिन्यातून एक रविवार ठरलेला.

हा छंद म्हणजे औषध आहे असं मी म्हणत नाही. हात कापत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, लपवत बसू नका. माझा कंप आहे तेवढाच आहे, उलट थोडा वाढला आहे. सही परत आली नाही. मी बँकेत जाऊन नवीन नमुना सही दिली, वाकडीतिकडी, पण आजच्या हाताची. काउंटरवरच्या मुलीने मला खुर्ची दिली आणि म्हणाली, "काका, सावकाश करा." मला ते जुने पेन्शनर आठवले.

समितीच्या परवानगीने दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी याच सभागृहात टेबल लावतो. बी विंगमधली तीन मुलं येतातच. पात्याचं आणि कटरचं काम मोठ्यांनी करायचं, बाकी सगळं मुलांनी. ज्यांचे हात कापतात अशा ज्येष्ठांनी जरूर यावं. माझ्याखेरीज आणखी कुणी असेल, तर आजवर त्यांनीही माझ्यासारखंच "नको, आत्ताच झाला" म्हटलं असेल.

कार्यक्रमानंतर चहा आहे असं कळलं. मला अर्धा कप द्या. बशी नको, ती वाजते. कप दोन्ही हातांनी धरीन. थोडा सांडला तर सांडला.

फिरायला पाठवलेले शिपाई तेवढे मोजून परत द्या. एकूण बारा आहेत. सवयीप्रमाणे टॅली करूनच मी घरी जाईन.